सोडण्याची घाई कोणाला?

अफूच्या व्यसनावर उपचार म्हणून ब्यूप्रेनॉर्फिनच्या गोळीवर आलेल्या माणसाला घरात पहिले दोन महिने कोणी काही विचारत नाही. तो वेळेवर घरी येतो, ताटातलं संपवतो, उसने पैसे मागत नाही, एवढ्यानंच सगळे हरखलेले असतात. तिसऱ्या महिन्यापासून एकच प्रश्न घरात फिरू लागतो. आई विचारते, ‘ही गोळी कवा सुटायची रं?’ मामा म्हणतो, ‘एक नशा गेली नि दुसरी आली, एवढंच.’ सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे दबक्या आवाजात चौकशी करतात. हे ऐकून ऐकून तो माणूस एके दिवशी स्वतःच ठरवून टाकतो, आजपासून बंद.

प्रश्नामागं माया असते, हे खरं. पण तो अवेळी विचारला जातो आणि त्याची किंमत विचारणाऱ्याला मोजावी लागत नाही. माझं म्हणणं असं आहे : अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनात गोळी कधी सुटली यावरून उपचाराचं यश मोजू नये. माणूस जगला का, कामाला लागला का, घरात राहिला का, हे आधी पाहावं. आणि गोळी सोडायचीच झाली, तर ती किती हळू सोडायची हे शरीरानं ठरवावं. लग्नाच्या तारखेनं नाही, लोकलाजेनं नाही, आणि औषधाच्या तुटवड्यानं तर नाहीच. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरसारख्या तालुक्याच्या गावात, ज्याचं नाव आता कागदोपत्री ईश्वरपूर झालं आहे, हे तिन्ही दबाव एकदमच येतात. म्हणून हा वाद इथूनच मांडायला हवा.

आधी एक गफलत दूर करू. सांगली जिल्ह्यात अलीकडे अमली पदार्थांच्या बातम्या आल्या त्या बहुतेक एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्व्यात या पदार्थाचे कारखाने पोलिसांनी उघडकीला आणले. शिवाय तालमीत आणि जिममध्ये वापरलं जाणारं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन आहेच. हे दोन्ही पदार्थ उत्तेजक आहेत, आणि त्यांच्या व्यसनावर बदली म्हणून द्यावी अशी सिद्ध गोळी आज नाही. अफूचं कूळ वेगळं. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या, हे सगळे त्या कुळातले. आपल्याकडे पोलिसांच्या पत्रकापासून पारापर्यंत सगळ्यांना ‘नशेच्या गोळ्या’ हे एकच नाव असल्यामुळे, नशेतून बाहेर काढणारी गोळीही त्याच पोत्यात जाऊन पडते.

हा प्रश्न फक्त पंजाबचा किंवा मणिपूरचा असंही समजू नये. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ७७ लाख आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. औषधाच्या दुकानातून सुरू होणारं व्यसनही त्या पाहणीत गर्दच्या जवळपास जाऊन बसलं आहे. कंबरदुखीला घेतलेली ट्रॅमाडॉल सुटत नाही, असं सांगणारा माणूस शोधायला इथून फार लांब जावं लागत नाही. ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आली तीच मुळात २०१८ मध्ये.

आता गोळीकडे वळू. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरांवर हेरॉइन जाऊन बसतं, त्यांवरच ब्यूप्रेनॉर्फिन बसतं; पण ते त्यांना अर्धवटच चालवतं. एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास मंदावून जीव जाण्याचा धोका कमी राहतो. ते रिसेप्टरला चिकटतंही इतकं घट्ट की वरून कोणी गर्द ओढली तरी तिला जागा मिळत नाही. शरीरातून ते हळू उतरतं, म्हणून दिवसातून एकदाच घेतलं तरी चालतं. गोळी गिळायची नसते, जिभेखाली ठेवायची असते. सरकारी केंद्रात नर्स ती चुरून देते आणि विरघळेपर्यंत समोर बसवते. पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, थुंकायचं नाही, पाणी प्यायचं नाही. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच वाया जातं. अंगात तरतरी यावी, डोळे मिटावेत असं यात काही घडत नाही. घडतं ते एवढंच की त्या दिवशी टर्की येत नाही.

टर्की म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं नाही त्याला ‘थोडा त्रास होईल, सहन कर’ म्हणणं सोपं असतं. अफू वर्षानुवर्षं शरीराला दाबून ठेवते, आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाब अचानक काढला की तो जोर उघडा पडतो : नाक गळतं, डोळ्यांतून पाणी येतं, जांभया थांबत नाहीत, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येऊन जुलाब लागतात, आणि पाय अंथरुणावर एका जागी ठरत नाहीत. हेरॉइनची टर्की आठ-बारा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाते आणि आठवड्याभरात ओसरते. ब्यूप्रेनॉर्फिनची टर्की उशिरा येते आणि उशिरा जाते. शेवटच्या गोळीनंतर पहिला दिवस बरा जातो, दुसराही कधीकधी बरा जातो, आणि माणसाला वाटतं, जिंकलो. मग तिसऱ्या रात्री पाय सुरू होतात. जोर हेरॉइनपेक्षा कमी असतो, पण मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा असतो. झोप न लागणं आणि कशातच मन न रमणं त्यानंतरही कित्येक आठवडे रेंगाळतं. मेथाडोन या दुसऱ्या बदली औषधाचंही असंच लांबतं. तीव्र वेदना चार दिवस सोसणारी माणसं पुष्कळ असतात. सव्वा महिना बेचव दिवस आणि जागरणं काढताना मात्र भलेभले ढासळतात.

यात डोसचं एक गणित आहे, आणि ते घरच्यांना कोणी सांगत नाही. सोळा मिलिग्रॅमवरून आठवर, आठवरून चारवर माणूस फारशा तक्रारीविना येतो. घरचे म्हणतात, एवढं उतरलं, आता दोनच राहिली, टाक काढून. पण २००३ साली अमेरिकेत मेंदूच्या प्रतिमा घेऊन झालेल्या अभ्यासात दिसलं की १६ मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के रिसेप्टर व्यापलेले असतात, आणि दोन मिलिग्रॅमलाही ४० टक्क्यांच्या वर. म्हणजे वरचे चौदा मिलिग्रॅम काढले तेव्हा जेवढे रिसेप्टर मोकळे झाले, साधारण तेवढेच खालचे दोन काढताना एकदम मोकळे होतात. घाटाचा सगळा उतार शेवटच्या वळणावर साठलेला असावा, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच शेवटच्या टप्प्यात ०.४ मिलिग्रॅमची छोटी गोळी लागते, आणि दोन कपातींमध्ये आठवड्यांचं अंतर लागतं. दोनवरून शून्यावर उडी मारणारा माणूस पडतो, तेव्हा त्याच्या मनोधैर्याला दोष दिला जातो. दोष खरं तर त्या हिशेबाचा असतो.

मग पूर्ण सोडणाऱ्यांचं पुढं काय होतं? स्वीडनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग डोळ्यांत अंजन घालतो. हेरॉइनच्या व्यसनातले चाळीस जण. वीस जणांना वर्षभर ब्यूप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या वीस जणांना सहा दिवसांत ते कमी करत थांबवलं आणि पुढं दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन आणि गटातले उपचार दोघांनाही सारखेच होते. वर्षाअखेर पहिल्या गटातले पंधरा उपचारांत टिकून होते. दुसऱ्यातलं कोणीही टिकलं नाही आणि चौघे मरण पावले. वेदनाशामकांच्या व्यसनावर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे २०११ साली आले. गोळी चालू असताना सुमारे ४९ टक्के लोक सावरलेले होते. ती कमी करत बंद केल्यानंतर आठ आठवड्यांनी ही संख्या ९ टक्क्यांच्याही खाली गेली. एकट्या टर्कीनं सहसा माणूस मरत नाही. मरतो तो टर्कीनंतर. सोसण्याची जुनी क्षमता शरीरातून निघून गेलेली असते, आणि हाताला सवय जुन्याच मापाची असते. महिनाभर ‘स्वच्छ’ राहिलेल्या मुलानं पूर्वीचीच पुडी ओढली, तर तीच त्याला जास्त होते.

गोळी चालू ठेवण्याविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. पहिला मामांचाच : एक नशा गेली, दुसरी आली. यात शरीराची सवय आणि व्यसन यांची सरमिसळ आहे. गोळी न घेतल्यास टर्की येते, म्हणजे शरीराला तिची सवय आहे, हे खरं. पण पैसे चोरणं, खोटं बोलणं, दिवसाचा प्रत्येक तास पुढच्या डोसच्या मागं धावण्यात जाणं, हे व्यसन असतं. नेमल्या वेळी नेमला डोस घेऊन ऊसतोडीला, कारखान्याला किंवा कॉलेजला जाणाऱ्याच्या आयुष्यात यातलं काही उरत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. महाराष्ट्रानं गर्दचा विळखा १९८० च्या दशकात पाहिला. अनिल अवचटांनी त्यावर ‘गर्द’ लिहिलं, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून मुक्तांगण उभं राहिलं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ उभी केली. या संस्थांनी हजारो घरं सावरली ती गोळीच्या जोरावर नाही. समूह, शिस्त, जोडीदाराला सोबत घेणं आणि फॉलोअप यांच्या बळावर. मग गोळी हवीच कशाला? माझं उत्तर असं की या दोन वाटा एकमेकींच्या वैरी नाहीत. दारूच्या टर्कीतून काही दिवसांत बाहेर पडलेल्या माणसाला समूह पुरेसा होऊ शकतो. अफूच्या माणसाचा मेंदू कित्येक महिने अस्थिर राहतो, आणि त्या काळात त्याला समूहापर्यंत चालत यायला पाय लागतात. गोळी ते पाय देते. पुढं कुठं चालायचं हे समूहच शिकवतो. स्वीडनमधल्या त्या दुसऱ्या गटालाही समूह मिळाला होता, हे विसरून चालणार नाही.

तिसरा आक्षेप गळतीचा : गोळी बाजारात विकली जाते, कोणी विरघळवून शिरेतून घेतं. हे घडलेलं आहे. ब्यूप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनचा आपल्या देशात पूर्वी बराच गैरवापर झाला. त्यावर इलाज म्हणून, शिरेतून घेतल्यास परिणाम रोखणारं नॅलोक्सोन मिसळलेली गोळी आली, समोर बसवून देण्याची पद्धत आली, आणि कायद्यानं या औषधाला कुलूप लावलं. कुलूप हवंच. पण त्याची किल्ली कुठं ठेवली आहे, तेही पाहायला हवं.

कारण इस्लामपूरचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. टर्की सोसण्यावर सल्ले देणारे धरून चालतात की माणसानं गोळी विचार करून सोडली. तालुक्याच्या गावात ती बहुधा सुटते ती न मिळाल्यामुळे. व्यसनावरची ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ती व्यसनमुक्ती केंद्रांनाच पुरवावी अशी अट आहे. देशातली सरकारी केंद्रं २००७ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून उभी राहिली, कारण सुईतून पसरणारा एचआयव्ही रोखणं हा त्यामागचा हेतू होता. म्हणून जिथं सुई टोचून घेणारे लोक मोजले गेले, तिथं केंद्र आलं. इथल्या वाळवा तालुक्यातला ट्रॅमाडॉल खाणारा वाहनचालक त्या मोजणीत कधी आलाच नाही. त्याला मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर एसटीनं आष्ट्यावरून सांगली-मिरज, नाहीतर पेठ नाक्यावरून कऱ्हाड. रोज, एका गोळीसाठी, दिवसाचा रोजगार बुडवून.

या जिल्ह्याचं स्थलांतरही ध्यानात घ्या. खानापूर, आटपाडी, तासगावची गलाई करणारी माणसं सोनं-चांदी आटवायला देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली आहेत. समजा त्यांतला एखादा तरुण अमृतसरला व्यसनात अडकला, तिथल्याच केंद्रात सावरला आणि वडिलांच्या आजारपणासाठी गावी आला. खिशात आठ दिवसांच्या गोळ्या, मुक्काम दीड महिन्याचा. गोळ्या संपल्यावर दोन-तीन दिवसांनी त्याच्यावर जी टर्की येते, ती त्याच्या निश्चयाची परीक्षा नसते. ती व्यवस्थेनं लादलेली असते. तुरुंगात गेलेल्याचं, अपघातानंतर हाडांच्या वॉर्डात दाखल झालेल्याचंही हेच होतं.

हे टाळता येतं का? येतं, आणि त्याचे दोन पुरावे आपल्याच घरात आहेत. मार्च २०२० च्या अखेरीस इस्लामपुरात दोन डझनांच्या आसपास कोरोनाबाधित सापडले आणि गावाचं नाव राज्यभर झालं. त्याच दिवसांत देश बंद पडला, आणि रोज केंद्रात येऊनच घ्यायची ही गोळी अनेक दिवसांची घरी देण्याची मुभा सरकारला द्यावी लागली. नियम माणसासाठी वाकवता येतो, हे तेव्हा सिद्ध झालं. दुसरा पुरावा एचआयव्हीचा. सांगली-सातारा पट्ट्यानं ती साथ फार जवळून पाहिली. रोज, न चुकता, जन्मभर घ्यायची औषधं २००४ पासून मोफत मिळू लागली, आणि पुढं ही औषधं देणाऱ्या जिल्ह्याच्या एआरटी केंद्राला जोडलेली लिंक केंद्रं खालच्या रुग्णालयांपर्यंत आली. गाव बदललं तर रुग्णाचं कार्ड त्याच्यासोबत जातं. त्या माणसाला कोणी विचारत नाही की ‘गोळी कवा सुटायची?’ उलट चुकली तर रागावतात. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस असंच लिंक केंद्र या गोळीसाठी चालवायला नवा शोध लागत नाही. एक प्रशिक्षित डॉक्टर, एक नर्स, एक कुलूपबंद कपाट आणि एक नोंदवही लागते. अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन व्यसनाच्या उपचारासोबत त्याचं व्यवस्थापनही मान्य झालं आहे, तेव्हा कायद्याचीही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती नजरेची.

ती नजर जुनी आहे आणि तिच्यामागं अभिमान आहे. येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच पट्ट्यात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात चाललं, आणि दारूबंदी हा त्याच्या कामाचा भाग होता. व्यसन म्हणजे शिस्तीचा भंग आणि उपाय म्हणजे निर्धार, ही शिकवण इथल्या घराघरात मुरली. गावाला दारूच्या दुकानापासून वाचवायला ती उपयोगी पडली. एकट्या माणसाच्या मेंदूतल्या रिसेप्टरांना मात्र निर्धाराची भाषा कळत नाही. आणि निर्धार हरला की घर दुसऱ्या टोकाला जातं : नकळत चहातून द्यायची भुकटी, अंगारा, वर्तमानपत्रातली ‘हमखास व्यसनमुक्ती’. त्यांतल्या काही जडीबुटींत खुद्द अफूच सापडते. ‘कामिनी’ नावाच्या गोळीत अफू असते आणि तिचंच व्यसन लागून परदेशातल्या भारतीयांनाही ब्यूप्रेनॉर्फिनवर आणावं लागलं, हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे.

एवढं सांगूनही, गोळी सोडावी असं वाटण्यात चूक काही नाही. रोजची हजेरी, प्रवासाची अडचण, बद्धकोष्ठ, घाम, किंवा नुसती मोकळं होण्याची इच्छा, ही सगळी रास्त कारणं आहेत. अट एवढीच की इच्छा रुग्णाची असावी आणि पायाखाली जमीन असावी : बराच काळ पुडीशिवाय गेलेला, हाताला काम, झोप ठीक, जुनी संगत सुटलेली. गर्भार स्त्रीनं हा प्रयोग करूच नये. तिच्या टर्कीचा धोका पोटातल्या जिवालाही असतो. कपात डॉक्टरांच्या नजरेखाली, जेवढी खाली तेवढी सावकाश. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथंच थांबावं, लागलं तर एक पायरी वर यावं. वर येणं म्हणजे हरणं नाही. क्लोनिडीननं अंगावरचा काटा आणि धडधड कमी होते, पण रक्तदाबही उतरतो, म्हणून ते मनानं घ्यायचं औषध नाही. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, पेज, ताक पोटात जात राहावं. झोपेच्या गोळ्यांचा डबा घरात उघडा नसावा, कारण एक सोडताना दुसरी लागते ती बहुधा याच दारानं.

घरच्यांचं काम याहून अवघड आहे. त्या दिवसांत माणूस चिडका होतो, आळशी दिसतो, रात्रभर घरात फेऱ्या मारतो. ‘नाटकं करतोय’ म्हणणं सोपं असतं. त्याऐवजी रात्री कोणीतरी जागं असावं, आणि सकाळी त्याच्याकडे छोटंसं ठरलेलं काम असावं : गुरांना वैरण, मळ्यापर्यंतची फेरी. पैशांच्या व्यवहाराची वेळ ही नाही. आणि तो घसरलाच, तर पुन्हा गोळीवर जाण्याची वाट उघडी आहे हे त्याला आधीपासून माहीत असायला हवं. लाजेनं ती वाट बंद झाली की तो थेट पुडीकडे जातो, तेही उतरलेल्या क्षमतेनिशी. घरात बोलायची सोय नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा १४४१६.

टर्कीला तोंड कसं द्यायचं, या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणूनच वैयक्तिक नाही. अवेळी, अचानक, लादलेली टर्की येऊच न देणं हे ते उत्तर, आणि ती जबाबदारी रुग्णालयाची, औषधसाठ्याची आणि घराची आहे. त्यानंतर उरते ती स्वतः निवडलेली, सावकाश सोसायची टर्की, आणि ती माणसाला झेपण्याजोगी असते. आईनं विचारावं जरूर, पण प्रश्न बदलून : आजची गोळी मिळाली का? उद्याची आहे का? या दोन प्रश्नांना जिथं वर्षभर रोज ‘हो’ मिळतं, तिथं तिसरा प्रश्न, कधी सुटणार हा, रुग्ण स्वतःच डॉक्टरांसमोर काढतो. तो काढण्याचा हक्क त्याचाच आहे.